बीच व्हॉलीबॉलपटूची कारकीर्द

बीच व्हॉलीबॉल म्हणजे वाळूवर दोन-दोन खेळाडूंच्या संघांत खेळला जाणारा व्हॉलीबॉल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून त्यात पदके दिली जातात. गोव्याला शंभराहून अधिक किलोमीटरचा किनारा लाभला असला, तरी निव्वळ या खेळावर घर चालवणे इथल्या खेळाडूला फार अवघड जाते.

बहुतेक जण हॉलमधला सहा जणांचा व्हॉलीबॉल खेळून इकडे वळतात. मैदान १८ × ९ ऐवजी १६ × ८ मीटरचे असते. जाळ्याची उंची मात्र तीच, पुरुषांसाठी २.४३ आणि महिलांसाठी २.२४ मीटर. चेंडूत हवा कमी असते. बोटे उघडी ठेवून केलेले ‘प्लेसिंग’ (चेंडू जोरात न मारता मोकळ्या जागी हलकेच टाकणे) इथे चालत नाही, आणि ब्लॉकला, म्हणजे जाळ्यावर अडवायला उंचावलेल्या हातांना लागलेला चेंडू संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी पहिला धरला जातो. बदली खेळाडू नसल्याने जोडीतला जो कच्चा, त्याच्यावरच प्रतिस्पर्धी एकामागून एक सर्व्हिस मारतात. जोडीदार सर्व्हिस करत असताना जाळ्यापाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे बोटे दाखवतो: एक म्हणजे सरळ रेषेतला स्मॅश अडवणार, दोन म्हणजे तिरका. वारा आणि ऊन यांचा फायदा एकाच बाजूला मिळू नये म्हणून पहिल्या दोन सेटमध्ये दर ७ गुणांनी बाजू बदलतात. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की मिरामार किंवा कोलव्याला उंच उचललेला चेंडू हातभर सरकतो. गोव्यात सराव करणाऱ्याला ही शिकवणी फुकट मिळते.

कारकीर्दीचा खरा कणा जोडी. दोघांचे रँकिंग गुण एकत्र मोजून मुख्य फेरी की पात्रता फेरी हे ठरते, त्यामुळे जोडीदार बदलला की हिशेबही बदलतो. २०२२ पासून जागतिक मालिकेत फ्युचर्स, चॅलेंज आणि एलिट असे चढते स्तर आहेत. खालच्या स्तरावर बक्षिसाची रक्कम प्रवास आणि मुक्कामालाही पुरत नाही; प्रायोजक किंवा महासंघ पाठीशी असावा लागतो. केरी वॉल्श आणि मिस्टी मे यांनी २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, ती एकत्र राहून. वयाची मुदत बरीच लांब असते: कार्च किराली ३५ व्या वर्षी अटलांटात जिंकला, फिल डालहाउसर ४१ व्या वर्षी टोकियोत खेळला. वाळू उडीचा धक्का झेलते. खांदा आणि कंबर मात्र झिजतात.

भारताची एकही जोडी अद्याप ऑलिंपिकला पोचलेली नाही. गोव्यात २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देश-प्रदेशांच्या स्पर्धेत हा खेळ होता. अशा स्पर्धांतली कामगिरी खेळाडू कोट्यातल्या नोकरीसाठी उपयोगी पडते, आणि भारतात या खेळाडूचा स्थिर पगार बहुधा तोच. प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये २०२५ मध्ये गोवा गार्डियन्स हा संघ आला, पण ती लीग हॉलमधली.

जून ते सप्टेंबर खवळलेला समुद्र आणि पाऊस किनाऱ्यावरचा सराव बंद पाडतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवे अंडी घालतात. प्रखर दिव्यांनी पिल्लांची दिशा चुकते, म्हणून रात्रीच्या सामन्यांसाठी ते किनारे सोडूनच द्यावेत. गोव्याला आता आणखी किनारा नको. किनाऱ्यापासून आत, छपराखाली, किमान ४० सेंटिमीटर खोल चाळलेल्या वाळूची मैदाने हवीत. तशी दोन-चार झाली तरी इथल्या मुलामुलींना पावसाळ्याचे चार महिने हातचे घालवावे लागणार नाहीत.