एचआयव्हीबाधितांमधील मद्यपान व आरोग्य

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या उपचारांवर, यकृतावर आणि आयुर्मानावर दारूचा काय परिणाम होतो, याचा शोध घेणारे संशोधनक्षेत्र. सुरुवातीच्या काळात त्याचा रोख लागणीवर होता : नशेत कंडोम वापरला जातो की नाही, हा मुख्य प्रश्न. विषाणूला आवर घालणारी औषधे, म्हणजे एआरटी, हाती आल्यावर प्रश्न बदलला. रोजची गोळी चुकते का आणि कशामुळे चुकते, हे महत्त्वाचे ठरले. भारतात मोफत एआरटीची सुरुवात १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत झाली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. पुढे केईएम, नायर, शीव अशा पालिका रुग्णालयांतही केंद्रे उघडली. शहरातील एड्स नियंत्रणाचे काम १९९८ पासून मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेकडे आहे. तिचे कार्यालय वडाळ्याच्या ॲकवर्थ संकुलात आहे.

मद्यपान आणि औषधांचा नियमितपणा यांचा संबंध अनेक देशांत तपासला गेला आहे. २००९ मध्ये चाळीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणारे लोक गोळ्या नियमित घेण्याची शक्यता साधारण पन्नास ते साठ टक्केच असल्याचे त्यात आढळले. पिऊन पडल्यावर गोळी विसरते, हे कारण सहज सुचणारे आहे, पण ते अर्धेच. अमेरिकेत, विशेषतः अटलांटा शहरात झालेल्या अभ्यासांनी दुसरे अर्धे पुढे आणले. दारू आणि गोळी पोटात एकत्र गेली की विष होते, अशी अनेक रुग्णांची समजूत असते. म्हणून पिण्याच्या दिवशी ते जाणूनबुजून गोळी टाळतात. दारू टाळत नाहीत, गोळी टाळतात. ‘औषध चालू असताना दारू नको’ एवढेच सांगून समुपदेशक थांबला, तर तोच सल्ला अशा समजुतीला खतपाणी घालू शकतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे.

वस्तुस्थिती अशी की, सध्या भारतात बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन व डोल्युटेग्राव्हिर या एकत्रित गोळीचा दारूशी थेट संघर्ष होत नाही. प्यायल्याच्या दिवशीही गोळी घेणे न घेण्यापेक्षा केव्हाही बरे. पूर्वी दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेन्झ या औषधाचे तसे नव्हते. ती गोळी झोपताना घ्यायची असे, तिने गरगरायचे आणि दारूने ते वाढायचे. शिवाय संध्याकाळ उलटली की प्यायला बसायची वेळ, आणि त्याच सुमारास गोळीचीही. आजची गोळी दिवसाच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी चालते. पिणाऱ्या माणसाने ती सकाळच्या चहाच्या वेळेला बांधून घेणे हा साधा, बिनखर्चाचा उपाय आहे.

दारू मोजायची कशी, ही या क्षेत्रातील जुनी अडचण. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. ० ते ४० गुणांपैकी ८ किंवा अधिक आले तर मद्यपान धोकादायक मानतात. ‘एका बैठकीत सहा किंवा अधिक पेले किती वेळा होतात’ असा तिच्यातील एक प्रश्न आहे. मुंबईत कोणी पेले मोजत नाही, क्वार्टर मोजतो. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के मद्यार्काच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. दहा ग्रॅमचा एक प्रमाणित पेला धरला तर ‘आपली एकच क्वार्टर’ म्हणणारा सहाचा आकडा गाठून बसलेला असतो, आणि तरीही तो मनापासून ‘कमी पितो’ असेच सांगतो. हातभट्टीच्या दारूत किती मद्यार्क आहे याला धरबंध नसल्याने तिथे हा हिशेबही चालत नाही.

किती दारू फार, याचे एक उत्तर अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून २०१६ मध्ये मिळाले. एचआयव्ही नसलेल्यांमध्ये महिन्याला सुमारे सत्तर पेल्यांपासून मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो तीस पेल्यांपासूनच दिसला. अमेरिकी पेला चौदा ग्रॅमचा, म्हणजे तीस पेले भरतात जेमतेम सात क्वार्टर. अर्थात तो गट पुरुषांचाच होता आणि आहार, क्षयरोगाचे प्रमाण, दारूची प्रत या बाबतींत मुंबईशी त्याचे फारसे साम्य नाही. क्षयरोगाचा मुद्दा येथे कळीचा आहे. एचआयव्हीबाधितांना क्षयप्रतिबंधासाठी आयसोनियाझिड देतात. या औषधाने यकृताला इजा होऊ शकते आणि नियमित पिणाऱ्यांत हा धोका वाढतो. जोडीला हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर यकृतावरचा भार आणखी वाढतो.

मुंबईत या विषयावर झालेले ठळक काम म्हणजे महानगर परिसरातील पाच एआरटी केंद्रांवर, दारू पिणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांसोबत केलेला हस्तक्षेप-अभ्यास. अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यपानविषयक संशोधन संस्थेचे त्याला अर्थसाहाय्य होते. वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा आणि रुग्णांनी एकत्र येऊन आपल्या मागण्या मांडणे, असे तीन मार्ग वेगवेगळ्या केंद्रांवर वेगवेगळ्या क्रमाने राबवून त्यांचा परिणाम पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरा मार्ग लक्षणीय वाटतो, कारण तो रुग्णाला केवळ उपदेश ऐकणारा मानत नाही.

रुग्ण खरे सांगत नाहीत, ही तक्रार मात्र सर्वत्र आहे. दारूची कबुली दिली तर बोलणी बसतील, या भीतीने ‘सोडली’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. म्हणून अलीकडच्या संशोधनात फॉस्फॅटिडिल-इथेनॉल या रक्तातील खुणेचा आधार घेतात. गेल्या दोन ते चार आठवड्यांतील मद्यपान तिच्यावरून कळते. पण ही तपासणी नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. 

संशोधनातील मोठी उणीव स्त्रियांबाबत आहे. मुंबईतील अभ्यास मुख्यतः पुरुषांवर झाले. बायको त्यांत बहुधा पिणाऱ्याची पत्नी म्हणून येते. ती स्वतः एचआयव्हीबाधित असली, तिच्याही गोळ्या चालू असल्या, तरी नवऱ्याच्या दारूने तिच्या उपचारांचे काय होते, हे क्वचितच विचारले गेले आहे.