एकाच आठवड्यात आजारी आणि कामाला मोकळा

२०१३ च्या हिवाळ्यात ब्रिटनमधल्या कितीतरी माणसांनी आगेमागे दोन कागदांवर सह्या केल्या. पहिल्यावर लिहिलं होतं: माझ्या तब्येतीमुळे मला काम जमत नाही, तुमचा निर्णय चुकला आहे. दुसऱ्यावर: मी काम करायला मोकळा आहे, काम शोधतो आहे. पहिला कागद आजारपणाचा भत्ता नाकारल्याच्या तक्रारीचा, दुसरा बेकारभत्त्याचा. दोन्ही जाणार एकाच खात्याकडे, डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सकडे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही लबाडी वाटावी असाच प्रकार. पण ही वाट कायद्यानेच आखून दिलेली होती, आणि तिची पहिली रेघ ओढली गेली १९११ साली.

त्या वर्षी ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी नॅशनल इन्शुरन्स कायदा आणला. कायदा एक, पण भाग दोन. पहिल्या भागात आजारपण: पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, बाईला साडेसात. दुसऱ्या भागात बेकारी: आठवड्याला ७ शिलिंग, तेही बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगारांना आणि वर्षाला फार तर १५ आठवडे. आजारपणाचे पैसे ‘मान्यताप्राप्त सोसायट्यां’मार्फत, म्हणजे सभासदांच्या विमा-संस्थांमार्फत मिळायचे, बेकारीचे लेबर एक्स्चेंज या सरकारी रोजगार कचेरीतून. भांडण झालं तर दाद मागायच्या जागाही वेगळ्या. बेकाराला ‘कोर्ट ऑफ रेफरीज’ आणि त्यावर ‘अंपायर’ अशी बाहेरची यंत्रणा होती. आजाऱ्याला मात्र आधी आपल्याच सोसायटीच्या नियमांशी झगडावं लागायचं. आजारी आणि बेकार ही जणू दोन वेगळ्या जातींची माणसं आहेत, असं गृहीत धरून इमारत उभी राहिली. एकच माणूस सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा असू शकतो, किंवा कोण काय आहे यावर सरकारचं आणि त्याचं एकमत नसू शकतं, याला त्या नकाशात फारशी जागा नव्हती.

ही भिंत निरुपद्रवी करायचा प्रयत्न केला तो विल्यम बेव्हरिज यांनी. हे गृहस्थ जन्मले बंगालमधल्या रंगपूरला, १८७९ साली. वडील आयसीएसमध्ये न्यायाधीश, आणि आई ॲनेट यांनी पुढे बाबरनाम्याचं इंग्रजी भाषांतर केलं. सामाजिक विम्याबद्दलच्या १९४२ च्या त्यांच्या अहवालातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: कमाई थांबण्याचं कारण कोणतंही असो, भत्ता सारखाच. ५ जुलै १९४८ ला नवी व्यवस्था सुरू झाली तेव्हा एकट्या माणसाला आजारपणातही आठवड्याला २६ शिलिंग आणि बेकारीतही २६ शिलिंगच. दोन खिडक्या राहिल्या, पण कुठल्याही रांगेत उभं राहा, पदरात पडायचं तेच. रक्कम सारखी असेल तर ‘तू आजारी की बेकार’ हा वाद जिवावर येत नाही. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन रकमा एकमेकींपासून कशा लांब गेल्या त्याची गोष्ट आहे, असं माझं मत आहे.

(त्याच १९४८ साली आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात आजारपणाचा भत्ता होता, बेकारीचा नव्हता; तो राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने २००५ मध्ये आला. मुंबईच्या गिरणी कामगारापुढे ही विशिष्ट कोंडी कधी आली नाही, कारण दुसरी खिडकीच नव्हती.)

१९७१ मध्ये दीर्घ आजारासाठी ‘इन्व्हॅलिडिटी बेनिफिट’ आला आणि तराजू कलला. लांबलेल्या आजारपणाला बेकारीपेक्षा जास्त पैसे मिळू लागले. नंतरच्या दशकात साउथ वेल्समधल्या आणि डरहॅमकडच्या खाणी, क्लाइडकाठच्या गोद्या बंद पडत गेल्या. पंचवीस वर्षं कोळसा खणलेल्या माणसाची छाती आणि गुडघे काही खोटे नव्हते. खाण चालू असती तर तो तसाच रेटत राहिला असता, एवढंच. खाण गेली, दुखणं उरलं. बेकारांचा आकडा फुगण्यापेक्षा आजाऱ्यांचा फुगलेला सरकारलाही सोयीचा होता. हा आकडा पुढे डोळ्यांवर आल्यावर मात्र संशय सगळा खाणकामगाराच्या वाट्याला आला.

एप्रिल १९९५ मध्ये ‘इन्कपॅसिटी बेनिफिट’ आला आणि त्याच्यासोबत ‘ऑल वर्क टेस्ट’. आता प्रश्न ‘तुझं नेहमीचं काम जमतं का’ एवढ्यावर थांबत नव्हता. ‘कुठलंही काम जमेल का’ असा झाला. खुर्चीवर किती वेळ बसता येतं, किती पायऱ्या चढता येतात, हात वर जातो का, याचे गुण मोजायचे. पंधरा गुण भरले की माणूस कामाला असमर्थ; हा आकडा तेव्हापासून या जगात ठाण मांडून आहे. पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १९९६ ला, बेकारभत्त्याचं नाव ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ झालं, म्हणजे जेएसए. बेकार हा शब्द जाऊन काम शोधणारा आला. दर पंधरवड्याला जॉबसेंटरात, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, जाऊन सही करायची. लोक त्याला अजून ‘साइन ऑन’ म्हणतात.

कोंडीची खरी कळ या दोन कायद्यांच्या सांध्यात आहे. जेएसएसाठी माणूस कामाला समर्थ असावा लागतो. मग आजारपणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करणाऱ्याने तिथे जाऊन काय सांगायचं? नियमांनी उत्तर दिलं होतं, आणि ते बऱ्यापैकी शहाणपणाचं होतं. आजारपणाच्या बाजूने ‘हा समर्थ आहे’ असा निर्णय झाला की बेकारीच्या बाजूला तो बंधनकारक. माणसाला आपलं मत बदलायची गरज नाही. सरकारचं मत सरकारवरच बांधून ठेवलेलं. शिवाय १९९६ च्या जेएसए नियमांतला तेरावा नियम सांगतो की शारीरिक किंवा मानसिक स्थिती पाहता वाजवी असतील तर कामाच्या वेळांवर आणि प्रकारांवर मर्यादा घालून घेता येतात. म्हणजे ‘दिवसाला तीन तास, बसून, जड उचलायचं नाही’ असं लिहून देऊनही माणूस नियमाने काम शोधणारा ठरतो. ज्यांना सही करायलाच जायचं नव्हतं, त्यांना अपिलाचा निकाल लागेपर्यंत ‘इन्कम सपोर्ट’ हा कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता मिळायचा, पण मूळ वैयक्तिक रकमेतून वीस टक्के कापून. पूर्ण पैसे हवेत तर सही करा, सही नको तर पाचवा हिस्सा सोडा. दंडच तो, पण अंगवळणी पडलेला.

२७ ऑक्टोबर २००८ ला मजूर पक्षाच्या सरकारने हा सगळा डाव मोडून ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’, ईएसए, आणला. गुणांची चाचणी राहिली, नाव झालं ‘वर्क कपॅबिलिटी असेसमेंट’. ती घ्यायचं कंत्राट ॲटॉस या खासगी कंपनीकडे. पहिले तेरा आठवडे तपासणीचा काळ, त्यात बेकारभत्त्याइतकाच दर. चाचणीत पास झालात, म्हणजे कामाला असमर्थ ठरलात, तर चौदाव्या आठवड्यापासून वरची भर. (इथे पास होणं म्हणजे नापास होणं. या कचेऱ्यांभोवतीची भाषा अशी उलटीपालटी आहे.) पण अपिलाच्या बाबतीत ईएसए जुन्यापेक्षा बरा होता. नाकारलेल्या माणसाने अपील केलं, डॉक्टरची फिट नोट (तब्येतीमुळे काम जमत नसल्याचा दाखला) देत राहिला, की तपासणीच्या दराने ईएसए चालू. वीस टक्क्यांची कात्री नाही, जॉबसेंटरची सहीही नाही.

२०१० च्या शरद ऋतूत बर्न्ली आणि ॲबर्डीन इथे जुन्या इन्कपॅसिटी बेनिफिटवाल्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि २०११ पासून ती देशभर पसरली. वर्षानुवर्षं आजारी मानलेल्या माणसांना तपकिरी लिफाफ्यातून कळू लागलं की ती कामाला तंदुरुस्त आहेत. अपिलांचा पूर आला. २०१२-१३ या एका वर्षात सामाजिक सुरक्षेच्या ट्रिब्युनलकडे, म्हणजे खात्याबाहेरच्या न्यायाधिकरणाकडे, पाच लाखांहून जास्त अपिलं आली, त्यांतली बहुसंख्य ईएसएची. एक न्यायाधीश आणि एक डॉक्टर असं दोघांचं पीठ. सुनावणी झालेल्या दहांपैकी साधारण चौघांच्या बाजूने निकाल लागत होता. सरकारनेच नेमलेले प्राध्यापक माल्कम हॅरिंग्टन यांनी २०१० पासून सलग तीन वर्षं या चाचणीचा आढावा घेतला आणि तिला यांत्रिक, भावनाशून्य म्हटलं.

एवढी अपिलं येतात म्हणजे पहिला निर्णयच नीट होत नाही, हा एक अर्थ. सरकारने काढलेला अर्थ वेगळा होता: लोक फार लवकर ट्रिब्युनलकडे धावतात. म्हणून २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्यातून ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, लोकांच्या तोंडी एमआर, आलं आणि २८ ऑक्टोबर २०१३ पासून ईएसएला लागू झालं. आधी खात्यालाच फेरविचार करायला सांगायचं, त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय अपील नाही. माणसाने एमआर मागायला मुदत एक महिना. खात्याने उत्तर द्यायला मुदत? कायद्यात नाही. आणि ईएसए चालू राहतो तो फक्त अपील दाखल झाल्यावर. मधल्या काळात शून्य.

या शून्यात जेएसए परत आला. खातंच सांगू लागलं की तोवर बेकारभत्ता मागा. रक्कम त्या वर्षी दोन्हीकडे सारखीच होती, पंचवीस वर्षांवरच्या एकट्या माणसाला आठवड्याला ७१.७० पौंड. पण १९९६ मधली सही आणि २०१३ मधली सही यांत फरक पडला होता. ऑक्टोबर २०१२ पासून जेएसएवरची शिक्षा इतकी कडक झाली होती की सर्वांत वरच्या पायरीवर तीन वर्षांपर्यंत भत्ता बंद होऊ शकत होता. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं हीच लढाई, त्याने ठरलेल्या वेळी हजर राहायचं, आठवड्यात अमुक इतके अर्ज केल्याचा पुरावा दाखवायचा. काही जॉबसेंटरांत उलटाच अनुभव येई. समोरचा कर्मचारी माणसाची अवस्था पाहून म्हणे, तुम्ही तर आजारी दिसता, तुम्हाला जेएसए कसा देऊ, ईएसएकडे जा. ईएसएवाल्यांनीच तर इकडे पाठवलेलं! बंधनकारक निर्णयाचा नियम पुस्तकात होता, काउंटरवर पोचलेला नसे. तेराव्या नियमाचंही तेच.

घराचं भाडंही यात सापडे. ईएसए थांबल्याचा संदेश नगरपालिकेकडे जाई, तिथे हाउसिंग बेनिफिट थांबे, आणि उत्पन्न शून्य आहे हे नव्याने सिद्ध करायची पाळी येई. सल्ला देणारेही कमी झाले होते, कारण एप्रिल २०१३ पासून भत्त्यांच्या बहुतेक प्रकरणांतून सरकारी कायदेशीर मदत काढून घेतली होती. एमआरचं उत्तर आल्यावर ट्रिब्युनलकडे अपील, मग जेएसए बंद करून पुन्हा ईएसए मागायचा, त्यासाठी पुन्हा फिट नोट. ती मिळणंही सोपं नसे, कारण ‘तुमचा रुग्ण कामाला समर्थ ठरला आहे’ असं पत्र खात्याकडून डॉक्टरला गेलेलं असे, आणि ते वाचून काही डॉक्टर हात आखडता घेत. अपील जिंकलं तर थकबाकी मिळे, पण मधला जेएसए वजा होऊन. कितीजण या फेऱ्यात कुठे गळाले ते कोणत्या तक्त्यात येत नाही. दिसतं ते एवढंच: २०१४-१५ मध्ये ट्रिब्युनलकडे आलेली अपिलं एक लाखाच्या थोडी वर उरली. म्हणजे दोन वर्षांत जवळपास चार लाख कमी. पूर ओसरला, की धरण बांधलं?

२०१७ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं की खात्याने एमआरसाठी कामगिरीचा एक मापदंड ठेवला होता: ८० टक्के मूळ निर्णय कायम राहावेत. फेरविचार करणाऱ्याने विचार करण्यापूर्वीच निकालाचं प्रमाण ठरलेलं. त्याच सुमारास ट्रिब्युनलपर्यंत पोचलेल्या ईएसए अपिलांत मात्र निम्म्याहून बरेच जास्त लोक जिंकत होते.

खटल्याने या भिंतीला भगदाड पडायला २०२० साल उजाडलं. जुलैमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी ठरवलं की अपील चालू असताना ईएसए मिळण्याचा ज्यांना हक्क आहे, त्यांच्यावर आधी एमआरची सक्ती करणं म्हणजे न्यायालयात जाण्याच्या हक्कात प्रमाणाबाहेर ढवळाढवळ आहे. बोट नेमकं त्या बिनपैशाच्या मधल्या काळावर ठेवलेलं होतं. अशा लोकांना मग थेट अपिलाची मुभा मिळाली. एव्हाना गाडी निघून गेली होती म्हणा. २०१८ च्या शेवटापर्यंत ‘युनिव्हर्सल क्रेडिट’, म्हणजे अनेक भत्त्यांच्या जागी आणलेला एकच भत्ता, देशभर पोचलं होतं आणि उत्पन्नावर आधारलेल्या ईएसएची दारं नव्या अर्जदारांना जवळपास बंद झाली होती. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आजारी आणि बेकार एकाच छपराखाली आहेत, म्हणून पैसे पूर्ण थांबत नाहीत. पण ‘समर्थ’ ठरलेल्या माणसाकडून निकाल लागेपर्यंत काम शोधण्याची अपेक्षा असतेच. ती किती सैल करायची हे वर्क कोचच्या, म्हणजे जॉबसेंटरातल्या कर्मचाऱ्याच्या हातात.

वर्गणीवर आधारलेले ईएसए आणि जेएसए मात्र ‘न्यू स्टाइल’ या नावाने वेगळे उरले. तिकडच्या मराठी मंडळींना हे माहीत असलेलं बरं. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असा शिक्का असला तरी हे दोन भत्ते त्या यादीत मोडत नाहीत, कारण ते भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतात. नोकरी गेल्यावर व्हिसा किती दिवस टिकतो, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने एक हिरवी पुस्तिका, म्हणजे चर्चेसाठीचा प्रस्ताव, काढली. वर्क कपॅबिलिटी असेसमेंट रद्द करायचं, असं तीत आहे. आणि न्यू स्टाइल ईएसए व जेएसए मोडून दोघांच्या जागी मुदतीचा एकच भत्ता आणायचा, असंही आहे. त्याला नाव सुचवलंय ‘अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स’. लॉइड जॉर्ज यांच्या कायद्याच्या दुसऱ्या भागाचा विषय हाच होता. पहिल्या भागाचं नाव या प्रस्तावात उरलेलं नाही.