वानराच्या पिल्लाचं दूध लवकर का तुटतं? थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे मुलाचं अंगावरचं तोडायचं तर कडुनिंबाचा नाहीतर कोरफडीचा रस लावायची जुनी पद्धत. वानरीकडे तसलं काही नसतं. ती पाठ फिरवून बसते, हात आडवा घालते, तरी पिल्लू घुसायला लागलं तर ढकलते आणि फारच झालं तर एक ठेवून देते. पिल्लू मग किंचाळतं, लोळण घेतं, कधी उलट आईलाच फटके मारतं. फिलिस जे या अमेरिकन बाई १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातलं कौकोरी आणि बस्तरमधलं ओरछा इथे वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होत्या, दूध तोडतानाच्या या सगळ्या मारामाऱ्या त्यांनी टिपून ठेवल्यात. पण तेव्हा यात कुणाला विशेष काही दिसलं नाही. पिल्लू मोठं झालं, आईने तोडलं, थोडी रडारड झाली, विषय संपला.

त्याच सुमाराला विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लोचे ते फेमस प्रयोग चालू होते, पिल्लू आईपासून तोडायचं आणि तारेची आई, कापडाची आई असं काहीतरी द्यायचं. लवकर तोडलं की काय होतं याबद्दलच्या बऱ्याच समजुती तिथूनच आल्या आणि माझ्या मते तिथेच घोळ झाला, कारण लॅबमध्ये दूध आणि आई दोन्ही एकदम जातात, जंगलात बहुतेक वेळा दूध जातं पण आई तिथेच असते, टोळी असते, रात्री कुशीत झोपायला मिळतं. या दोन गोष्टी वेगळ्या धरायला लोकांना बरीच वर्षं लागली.

गाडी वळली ती धारवाडला. १९६१ ते ६३ च्या दरम्यान युकिमारू सुगियामा आणि त्यांची टीम तिथे वानरं बघत होती, आणि त्यांना दिसलं की बाहेरून आलेला हुप्प्या, म्हणजे मोठा नर, जुन्याला हाकलून टोळी ताब्यात घेतो आणि नंतर तान्ही पिल्लं मारतो. पुढे जोधपूरला मोहनोत यांनीही तेच पाहिलं आणि १९७१ मध्ये छापलं. त्यानंतर अमेरिकन अभ्यासक सारा हर्डी राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर येऊन बसल्या. त्यांनी जो हिशोब मांडला तो ऐकायला क्रूर आहे पण सरळ आहे. आई दूध पाजत असेल तोवर ती सहसा माजावर येत नाही, आणि हुप्प्याची सत्ता टिकते सरासरी दोन वर्षांच्या आसपास, म्हणजे दुसऱ्याच्या पिल्लाचं दूध सुटायची वाट बघत बसला तर त्याचा निम्मा काळ तसाच जाणार. म्हणजे दूध कधी तुटतं हा फक्त आईलेकरातला मामला राहिला नाही, टोळीतल्या राजकारणाची घडी त्याच्यावर बसलेली निघाली.

१९७४ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट ट्रायव्हर्सने त्या रडारडीलाच हात घातला. आईला सगळी लेकरं सारखीच, प्रत्येकात तिचे अर्धे जीन्स. पण पिल्लासाठी स्वतः म्हणजे पूर्ण आणि पुढचं भावंड म्हणजे फार तर अर्धं. त्यामुळे आईला "आता बस" वाटतं तेव्हा पिल्लाला अजून बराच काळ "अजून थोडं" वाटत राहणार, आणि त्या मधल्या काळात भांडण होणारच. फिलिस जे यांनी पाहिलेलं किंचाळणं म्हणजे हट्ट नाही, खरीखुरी ओढाताण. हे लॉजिक इतकं नीट बसलं की पुढची दहा-पंधरा वर्षं प्रत्येक जण याच चष्म्यातून बघत होता. पण आई कधी लवकर तोडते आणि कधी उशिरा, याचं उत्तर यातून मिळत नाही.

ते मिळालं खाण्यातून, आणि इथे आपल्याकडची आणि शेजारच्या नेपाळमधली अशी वानरांची जोडी सगळ्यात बोलकी आहे. जोधपूरच्या आसपास मंडोर, कायलाना या बाजूला वानरांना लोक हनुमानाचं रूप म्हणून रोज खायला घालतात, पोळ्या, चणे, फळं. तिथे पिल्लाचं दूध सुटतं साधारण तेराव्या महिन्यात. दक्षिण नेपाळमधल्या रामनगरला सालाच्या जंगलात वानरं स्वतःचं स्वतः शोधून खातात, आणि तिथे त्याच कामाला जवळपास पंचवीस महिने लागतात! जोधपूरची मादी साडेतीन वर्षांच्या आसपास पहिल्यांदा आई होते, रामनगरची सहा वर्षांच्या पुढे. जोधपूरला दोन बाळंतपणांत अंतर पंधरा महिन्यांच्या आसपास, आणि गर्भ साडेसहा-सात महिन्यांचा, म्हणजे गणित केलं तर मागचं पिल्लू अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण असते.

हे असं का होतं याला एक बऱ्यापैकी पटणारं कारण फिलिस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलं. अनेक सस्तन प्राण्यांची आकडेवारी तपासून ते म्हणाले की दूध वयावर तुटत नाही, वजनावर तुटतं, जन्माच्या वेळच्या साधारण चौपट वजन झालं की. पोटभर खाणाऱ्या आईला दूध भरपूर, पिल्लू भराभर वाढतं, चौपट लवकर गाठतं, दूध लवकर तुटतं. म्हणजे जोधपूरचं लवकर तुटणं हे सुबत्तेचं लक्षण आहे, त्यात पिल्लाचे हाल नाहीत. जपानच्या कोशिमा बेटावर उलटा प्रकार झाला. १९५२ पासून माकडांना रताळी-गहू घालत होते, १९७२ मध्ये ते खूप कमी केलं, तर जन्म घटले आणि पिल्लं जास्त मरायला लागली. आपल्याकडे घाटात गाड्या थांबवून केळी आणि वेफर्स टाकणारे लोक हाच प्रयोग न कळत चालवतायत, फक्त वह्या घेऊन मागे कुणी बसलेलं नसतं.

दुसरं कारण भीती. चीनच्या ग्वांगशीमधल्या पांढऱ्या डोक्याच्या लंगुरांवर २०११ मध्ये अभ्यास आला, नवा नर आल्यावर काही माद्या पिल्लं घेऊन काही काळ टोळीपासून लांब राहिल्या आणि वाचलेल्या पिल्लांचं दूध इतरांपेक्षा लवकर सुटलं. म्हणजे इथेही लवकरच, पण वजन झालंय म्हणून नाही. पिल्लू दूधपितं राहिलं तर त्याच्या जिवावर बेतणार म्हणून.

तिसरं कारण दिवसाचे तास पुरत नाहीत हे. केनियातल्या अंबोसेलीत १९७१ पासून जीन ऑल्टमन बबून जातीची माकडं बघतायत, त्यांचं गणित असं की पिल्लू वाढतं तसं आईला दोघांपुरतं खायला जास्त वेळ लागतो, आणि सहा ते आठ महिन्यांच्या सुमाराला उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ त्याला पुरेनासा होतो. मग पिल्लाने स्वतः बाभळीची फुलं, गवताचे कंद असं काहीतरी खाल्लंच पाहिजे. स्टुअर्ट ऑल्टमन यांनी वर्षाच्या आसपासच्या मोजक्या माद्यांचं खाणं अगदी घासाघासाने मोजलं होतं, आणि त्या वयात ज्या नीट खात होत्या त्या पुढे जास्त जगल्या, जास्त व्याल्या. म्हणजे दूध कधी तुटलं यापेक्षा तुटल्यावर समोर काय होतं हे महत्त्वाचं.

परिणामांचं सगळ्यात मोठं काम पण अंबोसेलीचंच, २०१६ चं. १९६ माद्यांच्या लहानपणातल्या सहा अडचणी मोजल्या: दुष्काळ, गर्दीची टोळी, आईचं खालचं स्थान, आई एकटी पडलेली, आई मेलेली, आणि पाठोपाठ आलेलं धाकटं भावंड. शेवटची म्हणजे आपलाच विषय, पाठचं लवकर आलं तर आईचं लक्ष आणि दूध दोन्ही तिकडे वळणार. ज्यांच्या वाट्याला तीन किंवा जास्त अडचणी आल्या त्या, एकही नसलेल्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी मेल्या. एकट्या दुधावर खापर फोडता येत नाही, एकावर एक साचलं की मग.

चिंपांझींमध्ये दूध चार-पाच वर्षांपर्यंत चालतं, आणि तिथली सगळ्यांना माहीत असलेली केस नेमकी उलटी आहे. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलातली फ्लो नावाची मादी म्हातारी झाली होती, तिचा मुलगा फ्लिंट तिला आवरेना, १९६८ मध्ये धाकटी फ्लेम झाली तरी तो पाठीवर बसायचा आणि रात्री तिच्याच घरट्यात शिरायचा. फ्लेम सहा महिन्यांची असताना गेली आणि फ्लोने त्याला तोडायचा प्रयत्नच सोडून दिला. १९७२ मध्ये फ्लो मेली, त्यानंतर महिनाभराच्या आत साडेआठ वर्षांचा फ्लिंटही मेला. दूध सुटायचं वय कधीच उलटून गेलेलं, तरी. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात २०२० मध्ये दिसलं की दूध सुटल्यावर आई गेली तरी पोरक्या चिंपांझींच्या अंगावर स्नायू कमी भरतात. पण माउंटन गोरिलांचा २०२१ चा अभ्यास म्हणतो की दोन वर्षांवरची पोरकी पिल्लं चांगली जगतात, कारण टोळीतले बाकीचे, विशेषतः मोठा नर, त्यांना जवळ करतात. तेव्हा एका जातीवरून दुसऱ्या जातीबद्दल काही ठामपणे सांगायला जाऊ नये.

आता एक अडचण जी आधीच सांगायला हवी होती. यातले जुने आकडे बहुतेक डोळ्यांनी बघून काढलेत, पिल्लाच्या तोंडात स्तन दिसला की "पितंय" असं लिहायचं. पण नुसतं तोंडात धरून बसलेलं पिल्लूही तसंच दिसतं, आणि रात्री अंधारात प्यालेलं कुणी मोजतच नाही. म्हणून २०१३ पासून दातांमधल्या बेरियमच्या (दुधातून दातात उतरणारा एक धातू) थरांवरून दूध कधी सुटलं ते काढायला लागले. त्याच पद्धतीने २०१७ मध्ये म्युझियममधल्या रानटी ओरांगउटानांचे दात तपासले तर आठ वर्षांच्या पुढेपर्यंत दूध निघालं, तेही सलग नाही, कमी-जास्त होत, बहुधा जंगलात फळं कमी असली की पुन्हा आईकडे. जिवंत पिल्लाचा दात काढून बघता येत नाही, त्यामुळे युगांडातल्या न्गोगोला चिंपांझींच्या पिल्लांची शी गोळा करतात आणि त्यातल्या नायट्रोजन-कार्बनच्या समस्थानिकांचं (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण त्यांच्या आयांच्या शीशी ताडून पिल्लू अजून पितंय का ते बघतात.