हटत्या काठावर कोण कुठे : माघ-फाल्गुनातले तलाव

संक्रांत सरली की मराठवाड्यातल्या तलावांचं पाणी रोज थोडं मागे सरकायला लागतं. ऊन वाढलेलं असतं, रब्बीचं आवर्तन सुटलेलं असतं, काठावरच्या मोटारी चालू असतात. शेतकऱ्याला ही घट काळजीत टाकते. पक्ष्यांना मात्र इतके महिने पाण्याखाली झाकलेलं अन्न याच दिवसांत चोचीच्या टप्प्यात मिळतं. डिसेंबरात तलाव काठोकाठ असतो, बदकं लांब मध्यावर ठिपक्यांसारखी दिसतात आणि चिखलातल्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच नसते. म्हणून जानेवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे साधारण पैठणच्या नाथषष्ठीच्या सुमारापर्यंतचा काळ पक्षीनिरीक्षणासाठी हिवाळ्याच्या सुरुवातीपेक्षा अधिक चांगला. त्यात आधी काठ पाहायचा, मग पक्षी.

नाथसागरावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. गोदावरीवरचं जायकवाडी धरण १९७६ साली झालं, आणि १९८६ मध्ये त्याचा जलाशय, म्हणजे हाच नाथसागर, पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो. पण इथला प्रदेश सपाट, त्यामुळे भिंतीपासून दूरचा बराच भाग उथळ. अशा ठिकाणी साधं गणित लक्षात ठेवावं. काठाचा उतार पाचशेला एक असेल, तर पाणी एक सेंटीमीटर उतरल्यावर काठ पाच मीटर मागे जातो. परवा जिथे बगळे उभे होते तिथे आज ढेकळं दिसतात, ती यामुळे. उलट बीडजवळच्या बिंदुसरेसारख्या, टेकड्यांमध्ये अडवलेल्या तलावांचा काठ जिथे तीव्र उताराचा असतो, तिथे पाणी तेवढंच उतरलं तरी चिखलाचा पट्टा अरुंदच राहतो. चिखलातले पक्षी पाहायचे असतील तर सपाट बाजू शोधावी, म्हणजे जिथून ओढा किंवा नदी तलावात शिरते ती.

काठावर पोचलात की पाण्याची खोली अंदाजावी. कोण कुठे उभं राहणार हे बहुतेक तिच्यावर ठरतं. बोटभर पाण्यात आणि त्यालगतच्या ओल्या चिखलात टिलवे आणि छोटे चिखले असतात. चार बोटं ते वीतभर पाण्यात तुतवार, शेकाटे, मालगुजे. वीतभर ते हातभर पाण्यात शेपूट आभाळाकडे करून चरणारी बदकं, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि चित्रबलाक करकोचे. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की उंच पायांचे रोहित (फ्लेमिंगो), आणि त्यापलीकडे बुडी मारणारे: लालसरी, शेंडी बदक, चांदवे, पाणकावळे. चांदव्याला आपल्याकडे वारकरीही म्हणतात आणि नवखे लोक त्याची गणती हमखास बदकांत करतात. काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा आणि पोहताना मागेपुढे हलणारी मान पाहिली की शंका राहत नाही. रोहित नाथसागरावर कुठल्या वर्षी किती काळ थांबतील हेही बरंचसं पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतं. धरण फेब्रुवारीतही तुडुंब असेल तर त्यांना चरण्याजोगं उथळ पाणी कमीच मिळतं.

या साऱ्यात चिखलाचा पट्टा सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा आहे. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी मऊ असते आणि वाळली की कडक होऊन भेगाळते. मध्ये एक अवस्था असते, वरून चकाकणारी, अजून पापुद्रा न धरलेली. चिलटांसारख्या माशांच्या लाल अळ्या आणि बारीक कृमी वरच्या थरात असतात ते या अवस्थेपर्यंतच. पृष्ठभाग सुकू लागला की ते खोल जातात किंवा मरतात, आणि मातीत चोचही शिरत नाही. त्यामुळे अन्नाचा खरा पट्टा कधी कधी काही पावलांचाच असतो आणि तो रोज पाण्याच्या मागे खाली सरकतो. दुर्बिणीतून पाहिलं तर पक्षी या पट्ट्यात ओळीने लागलेले दिसतात. वरच्या वाळलेल्या भागात टिटव्या आणि धोबी पक्षी तेवढे फिरतात.

त्या ओळीतही दोन पद्धती आहेत. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो: दोन-चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड. तुतवार-टिलव्यांच्या कुळातले पक्षी स्पर्शाने शोधतात. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदी अंगं असतात, त्यामुळे चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर खालीवर जाते आणि नजर कुठे आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. मालगुज्याची चोच सुमारे दहा सेंटीमीटर लांब असते. चिखलात पूर्ण रुतलेली असतानाही तो तिचं फक्त टोक उघडून अळी पकडू शकतो. टिलव्याची चोच दोन सेंटीमीटरही नसते. म्हणून एकाच हातभर जागेत दोघे चरले तरी एकाच्या वाट्याचं दुसरा खात नाही. लांबच्या पक्ष्याचा रंग नीट दिसत नसेल तर तो धावून टिपतो की सारखा टोचत राहतो एवढं पाहावं. निम्मी ओळख तिथेच होते.

बदकांची ओळखही या दिवसांत सोपी होते. ऑक्टोबरात आलेले अनेक नर मादीसारख्याच मळकट पिसांत असतात. फेब्रुवारीपर्यंत त्यांची विणीच्या हंगामाची पिसं पूर्ण येतात, शिवाय पुष्कळ बदकं जोडीदार हिवाळी मुक्कामातच निवडतात. मान ताणणं, डोकं मागे टाकणं, एका मादीमागे चार नर पोहणं हे याच काळात दिसतं. तलवार बदकाची टोकदार शेपटी आणि मानेवर चढणारी पांढरी रेघ, थापट्याची रुंद चोच, तरंग बदकाचं पिवळसर कपाळ, चक्रांगाच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा: नर ओळखायला एवढं पुरे. परतीच्या वाटेवरची भुवई बदकं फेब्रुवारी-मार्चमध्ये थव्यांनी उतरतात. नराची पांढरी ठसठशीत भुवई लांबूनही दिसते. माद्यांचं काम कठीण. तिथे रंगापेक्षा चोचीचा आकार, डोक्याची ठेवण आणि पंखावरचा चकाकता पट्टा पाहावा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद-फिकट रेघा आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्या मानाने साधा. तरीही जमलं नाही तर नोंदीत नुसतं ‘बदक’ लिहावं. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढे खोडणं अवघड जातं.

धोब्यांकडेही लक्ष असू द्या. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं जानेवारीत फिकट राखी-पिवळं असतं. मार्चमध्ये नराचं अख्खं डोकं पिवळंधमक झालेलं दिसतं. आठवड्याला एकदा एकाच काठावर गेलं तर हा बदल डोळ्यांसमोर घडतो. तलावाच्या आसपास पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली असेल तर भोरड्यांचे थवे दिवसा तिथे मधासाठी, नाहीतर ज्वारीच्या कणसांवर, आणि संध्याकाळी काठच्या बाभळींत किंवा पाणकणसात मुक्कामाला.

आता पट्टकदंब. पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू पेरतात, आणि त्या कोवळ्या हिरवाईवर हे हंस चरायला उतरतात. मंगोलिया-तिबेटकडे परतताना त्यांना हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रह-ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांची ७,२९० मीटर उंचीपर्यंत नोंद झाली आहे. नेहमी मात्र ते शक्यतो खालून, जमिनीच्या चढउताराला धरूनच उडतात, कारण विरळ हवेत पंख मारणं फार महाग पडतं. त्यांचं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरतं. पण प्रवासाचं इंधन म्हणजे चरबी, आणि ती इथेच साठवावी लागते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून चार. उडताना खर्च विसाव्याच्या अनेक पट होतो. फोटोसाठी थवा एकदा उठवला तरी त्याची चरण्याची वेळ जाते आणि साठा खर्ची पडतो. दिवसातून चार वेळा चार जणांनी असं केलं तर तो काठ त्या थव्याच्या उपयोगाचा उरत नाही.

म्हणून अंतराचा नियम मीटरमध्ये सांगण्यापेक्षा पक्ष्याच्या मानेवरून घ्यावा. माना खाली असतील, चरणं चालू असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. एक-दोन माना वर आल्या तर थांबा. सगळ्या माना ताठ होऊन थवा एका दिशेला चालू लागला तर सावकाश मागे फिरा. पुढची पायरी उड्डाणाची असते. सरळ चालत जाऊ नये, तिरपं जावं, मध्ये थांबावं. पांढरे-भडक कपडे टाळावेत. मानेवर रंगीत पट्टी असलेला हंस दिसला तर पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, जागा आणि तारीख लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. मंगोलियात पट्टी लावलेले पट्टकदंब भारतात दिसले आहेत.

साधनांत ८×४२ची दुर्बीण बहुतेकांना पुरते. आठपट मोठं दिसतं, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र उजळ राहतं. बारापट दुर्बीण हातात थरथरते, म्हणून घेऊ नये. मोठ्या जलाशयाला तिवईवरचा स्कोप, म्हणजे एकनळी दुर्बीण, लागतो, पण दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते आणि साठपट मोठं करून काहीच स्पष्ट होत नाही. तेव्हा सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतचा वेळ महत्त्वाचा. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी उलट. वारा असेल तर बदकं आडोशाच्या काठाला गोळा होतात, तिथून सुरुवात करावी.

मोजणीत चूक होते ती थवा एकदम पाहून आकडा ठोकल्याने. आधी पन्नास पक्षी एकेक करून मोजा, तेवढ्या पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तशा किती जागा भरतात ते मोजा. मग उलट दिशेने एकदा. पाणपक्ष्यांची आशियाई गणना आपल्याकडे १९८७पासून दर जानेवारीत होते. तुमची मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यागणिक चालू राहिली तर त्या गणनेला पुढचं अंग मिळतं. प्रत्येक नोंदीशेजारी धरणातल्या साठ्याची त्या दिवशीची टक्केवारी लिहा. आपल्याकडची वर्तमानपत्रं ती छापतात. दोन-तीन हिवाळ्यांनंतर तुमच्या तलावावर किती टक्क्यांना चिखल उघडतो आणि टिलवे कधी उतरतात हे हाताशी येईल.

गाळात शिरताना जनावरांच्या खुणा पाहा. म्हशीचे खूर चार बोटांहून खोल गेले असतील तर पुढे जाऊ नका. वरचा पापुद्रा माणसाचं वजन पेलतोसं वाटतं आणि खालून पाय गुडघ्यापर्यंत रुततो. काठी जवळ असावी, एकटं जाऊ नये.

मार्च उजाडला की पाहुणे कमी होतात आणि इथल्यांची वीण सुरू होते. उघड्या पडलेल्या वाळू-खड्यांच्या बेटांवर नदीसुरय अंडी घालतात, टिटवी आणि छोटा चिखल्याही अशाच मोकळ्या जागा निवडतात. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, आणि खड्यांच्या रंगाची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. डोक्यावर ओरडत सूर मारणारा पक्षी दिसला की आल्या पावली परत फिरावं. उन्हात घरटं काही मिनिटं उघडं राहिलं तरी अंडी तापतात. पाणी आणखी उतरलं की ही बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री चालत आत पोचतात. तुमच्या तलावावरचं बेट कोणत्या तारखेला जोडलं गेलं आणि त्या दिवशी साठा किती टक्के होता, हे वहीत लिहून ठेवा. घरटी वाचवायची असतील तर वनखात्याला सांगायला तोच आकडा उपयोगी पडतो.