जुन्या मोटारसायकलची घरगुती पुनर्बांधणी

वर्षानुवर्षे वापरलेली किंवा कोपऱ्यात उभी राहून गंजलेली मोटारसायकल पूर्णपणे खोलून, तिचे झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून मालकाने आपल्या घरीच ती पुन्हा रस्त्यावर आणणे, याला पुनर्बांधणी म्हणतात. काही जण गाडी कारखान्यातून निघाली तशीच हुबेहूब उभी करतात, तर काही जण हँडल, सीट, टाकी, मडगार्ड यांत आपल्या आवडीने फेरफार करतात. इंजिनाचे काम मात्र दोघांनाही सारखेच करावे लागते आणि गाडी किती वर्षे चालेल हे त्या कामातल्या मोजमापांवर ठरते.

पुण्यात हा छंद रुजला याचे मोठे श्रेय शहराच्या कारखानदारीला जाते. खडकीचे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, आकुर्डीचे बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे भोसरी-चिंचवडचे असंख्य छोटे कारखाने यांमुळे शतांश मिलिमीटरची भाषा समजणारे टर्नर-फिटर येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. त्यामुळे घरी गाडी बांधणाऱ्याला लेथ, होनिंगचे (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करण्याचे) यंत्र किंवा हायड्रॉलिक प्रेस विकत घ्यावी लागत नाही. खोलणे, साफ करणे, मोजणे आणि जुळवणे सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते आणि यंत्रावरचे काम बाहेर करून घेतले जाते. दुचाकींच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, हत्यारे व नटबोल्टसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, वायर व विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली असे ठरलेले रस्ते आहेत. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात क्वचित एखादा मूळ दिवा किंवा स्पीडोमीटरही हाती लागतो.

पुनर्बांधणीसाठी प्रामुख्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, १९८५ मध्ये आलेली ९८ सीसीची यामाहा आरएक्स १०० आणि ओतीव लोखंडी सिलिंडरची ३४६ सीसी बुलेट या गाड्या निवडल्या जातात. नवख्याने यांपैकी टू-स्ट्रोक गाडीपासून, म्हणजे बुलेट सोडून इतर कोणत्याही गाडीपासून सुरुवात करावी, कारण तिच्या सिलिंडरहेडमध्ये व्हॉल्व्हची यंत्रणा नसते आणि इंजिन बरेच सुटसुटीत असते.

पान्याला हात लावण्याआधी कागद पाहावेत. आरसी बुकातील चेसिस (गाडीचा सांगाडा) व इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळत नसतील, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून, पर्यावरण कर भरून ५-५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक घेता येतो. मात्र त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चेसिस वा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढणे आणि प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवणे, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश आट्यांचे बोल्ट असतात. त्यांच्या जागी मिलिमीटर मापाचा बोल्ट रेटून बसवला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे कायमचे जातात.

फार दिवस उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन बहुधा सिलिंडरला धरून बसलेला असतो. प्लग काढून त्या छिद्रातून ऑइल व डिझेल सोडावे आणि काही दिवस थांबावे. किकवर उभे राहून जोर लावला तर किकची यंत्रणाच तुटू शकते. सिलिंडर सुटल्यावर त्याचा व्यास वर, मध्ये व खाली, तोही काटकोनातील दोन दिशांनी मोजतात. चालत्या इंजिनात कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन सिलिंडरच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर अधिक रेटला जातो आणि भोक गोल न राहता अंडाकृती झिजते. झीज मर्यादेबाहेर असेल तर ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिमीने मोठा पिस्टन आणतात आणि त्याच पिस्टनच्या मापाने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून मोठा करून घेतात. आधी बोअरिंग करून मागाहून पिस्टन शोधण्याची घाई अनेकांना महागात पडते. पिस्टनवर बसणारी नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरवर ओरखडे पाडते.

टू-स्ट्रोकमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सील. या इंजिनात क्रँकभोवतीची पेटी, म्हणजे क्रँककेसच, पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढून वर ढकलत असल्याने तिथे बाहेरची हवा शिरता कामा नये. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूची सील गळाली तर जादा हवा आत येऊन मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि नवे बोअर केलेले इंजिन भर रस्त्यात जाम होते. क्लचच्या बाजूची गळाली तर गिअरबॉक्सचे ऑइल जळून सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. दोन्ही वेळा दोष कार्बोरेटरला दिला जातो आणि त्यातील जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) बदलण्यात महिने जातात. सीलची किंमत किरकोळ असते, पण ती बदलायला इंजिन बरेच खोलावे लागते. म्हणून इंजिन खोललेच आहे तर सील व बेअरिंग नवीनच टाकावीत. प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिमी ठेवून मगच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, बसवावे, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते.

वायरिंग जुनेच तुकडे जोडून न वापरता नवे ओढणे केव्हाही चांगले. रंगकाम पुण्यातल्या पावसाळ्यात करू नये. पत्र्यावर ओल राहिली की रंगाखालून गंज धरतो. पावडर कोटिंगला (भुकटी रंग भाजून बसवायला) चेसिस देताना क्रमांकाचा भाग झाकायला सांगावा, नाहीतर जाड थराखाली आकडे बुजतात आणि आरटीओच्या तपासणीत अडचण येते.

फेरफारांना कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. चेसिस कापून सीटमागचा भाग आखूड करणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने सांगाड्याची ताकदही घटते, म्हणून ते कोणीही करू नये. फटफट आवाजाचे सायलेन्सर पुण्यात पोलीस जप्त करतात.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढते, त्यामुळे टाकी आतून गंजते, आणि जुन्या प्रकारचे रबरी पाइप व वॉशर फुगतात. म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप बसवावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. नव्या बोअरचे इंजिन पहिले काही शे किलोमीटर सावकाश, रुळवत चालवावे लागते. या काळात एकाच वेगाने लांब पल्ला गाठू नये, टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त घालावे आणि कात्रज किंवा ताम्हिणीचा घाट टाळावा. पहिल्या फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सिलिंडरहेडचे नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करून पुन्हा आवळतात.