‘आपण सगळे एकच’ म्हटल्यावर बोलणं का थांबतं? चर्च, वंशभेद आणि संवादाचं विज्ञान

टेबलावर बऱ्याच माणसांचे फोटो मांडलेले असतात. त्यातला एक फोटो समोरच्याने मनात धरलेला असतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून तो ओळखायचा असतो. जितके कमी प्रश्न, तितकं चांगलं. २००८ साली इव्हान ॲपफेलबॉम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर हा खेळ शाळकरी मुलांना दिला. फोटोंमध्ये गोरी माणसंही होती आणि कृष्णवर्णीयही. त्यामुळे ‘ती व्यक्ती गोरी आहे का?’ असं विचारलं की बरेच फोटो एका फटक्यात बाद होत. ८-९ वर्षांच्या मुलांनी ते बिनधास्त विचारलं. १०-११ वर्षांची मुलं मात्र तिथेच अडखळली. ती दुसरंच काहीबाही विचारत राहिली आणि धाकट्यांच्या मागे पडली. त्वचेच्या रंगाचा प्रश्नच उद्भवणार नाही अशा पद्धतीने हाच खेळ घेतला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे मोठी मुलं पुढे होती. म्हणजे बुद्धी कमी पडली नव्हती. दहाव्या वर्षाच्या सुमारास ही मुलं एक गोष्ट शिकली होती : रंगाचा उल्लेख करायचा नाही.

याच गटाने प्रौढांवर केलेल्या प्रयोगांत पुढचा भाग दिसला. समोर खेळातला कृष्णवर्णीय जोडीदार बसला की गोरे लोक रंगाबद्दलचा उपयोगी प्रश्न अधिकच टाळत. आपण भेदभाव करणारे वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू असे. पण या टाळाटाळीत त्यांची नजर समोरच्यावर कमी ठरत असे आणि त्यांचं वागणं कमी स्नेहाचं दिसत असे. कृष्णवर्णीय निरीक्षकांना तर उल्लेख टाळणारी माणसंच जास्त पूर्वग्रहदूषित वाटली.

ही टाळाटाळ जिथे सर्वांत चांगल्या हेतूने आणि सर्वांत जास्त होते, अशा जागांमध्ये चर्च येतं. ‘यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही’ हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं पौलाचं वाक्य (हेल्लेणी म्हणजे ग्रीक) जगभरच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समूहांमध्ये, वाचलं जातं. त्यात सांगितलेली एकता मला फार मोलाची वाटते. पण भेद नाही असं वाचणं आणि भेद उरलेला नाही असं धरून चालणं, या दोहोंमध्ये अंतर आहे. ते अंतर नेमकं कुठे पडतं, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय अमेरिकेतली आजची बोलणी समजत नाहीत. १८व्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये प्रार्थना सुरू असताना ॲब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय उपासकाला गुडघ्यांवरून ओढून उठवण्यात आलं, कारण ती जागा त्याच्यासाठी नव्हती. प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा, असं तो म्हणत होता. त्याचा सहकारी रिचर्ड ॲलन याने हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. हे लोक तिथून बाहेर पडले. १८१६ मध्ये ॲलनच्या पुढाकाराने आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र संप्रदाय उभा राहिला. १८४५ मध्ये गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही या वादातून बाप्टिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ फुटला आणि सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं. या संस्थेने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल औपचारिक माफी मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. तेव्हा अमेरिकेतली ‘काळी चर्चेस’ आणि ‘गोरी चर्चेस’ आवडीनिवडीमुळे वेगळी झालेली नाहीत. एका बाजूच्या माणसांना हाकलून दिलं होतं.

१९९०च्या दशकात मायकल एमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) ख्रिस्ती लोकांचं मोठं सर्वेक्षण केलं आणि कित्येकांना प्रत्यक्ष भेटून सविस्तर मुलाखती घेतल्या. २००० साली त्यांनी निष्कर्ष मांडले. वंशभेदाचं कारण काय, असं विचारल्यावर बहुतेक गोरे इव्हँजेलिकल माणसाच्या मनाकडे बोट दाखवत : काही लोकांच्या अंतःकरणात पाप आहे, ते बदललं की प्रश्न सुटेल. उपायही तसाच, दुसऱ्या वंशाच्या माणसाशी मैत्री करा. त्याच श्रद्धेचे, तेच बायबल वाचणारे कृष्णवर्णीय ख्रिस्ती मात्र शाळा, घरं, पगार, पोलीस यांबद्दल बोलत. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती. एकाच शब्दाखाली दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र होतं. त्यामुळे एका टेबलाभोवती बसूनही बोलणी जुळत नसत. एकाला वाटे, मी तर मैत्रीचा हात पुढे केला आहे, अजून काय हवं? दुसऱ्याला वाटे, मी जे सांगतो आहे ते याच्या कानावरच पडत नाही.

मैत्रीचा उपाय चुकीचा आहे, असं मात्र विज्ञान म्हणत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की दोन गट एकमेकांच्या संपर्कात आले की पूर्वग्रह कमी होतो. मात्र चार गोष्टी जुळून आल्या तर त्याचा खरा उपयोग : दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते मिळून गाठायचं हवं आणि वरिष्ठांचा किंवा संस्थेचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये जगभरातले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे त्यातून सर्वसाधारणपणे खरं ठरलं. चार अटी पूर्ण नसल्या तरी थोडा परिणाम होतो, असल्या तर जास्त होतो. चर्चला यातल्या तीन अटी जवळजवळ फुकटात मिळतात. अडतं ते समान दर्जापाशी. पवित्र भोजनाच्या रांगेत सगळे सारखे उभे राहतात. पण पाळकाची नेमणूक कोण ठरवतं, कुठली गाणी ‘आपली’ समजली जातात, पैशांचा हिशोब कोणाच्या हातात असतो? समाजशास्त्रज्ञ कोरी एडवर्ड्स यांनी अमेरिकेतल्या मिश्र मंडळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की बाकांवर सगळ्या रंगांची माणसं बसली तरी उपासनेची धाटणी आणि निर्णयाची पद्धत बहुधा गोऱ्या सदस्यांच्या सवयीनेच चालते.

संपर्कातून पूर्वग्रह कमी होणं आणि अन्याय कमी होणं ही एकच गोष्ट नाही, हे दाखवणारा एक प्रयोग मला या सगळ्या विषयाच्या केंद्रस्थानी वाटतो. तामार सागी, निकोल टाउश, जॉन डोविडिओ आणि फेलिशिया प्रॅटो यांचा हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला अधिकार दिला : अभ्यासक्रमाचे जादा गुण दोन्ही गटांत कसे वाटायचे ते तुम्ही ठरवा. वाटपाआधी दोन्ही गटांना एकमेकांशी बोलायला लावलं. काही ठिकाणी सांगितलं, तुमच्यात काय सारखं आहे त्यावर बोला. काही ठिकाणी सांगितलं, तुमच्यात काय वेगळं आहे त्यावर बोला.

सारखेपणावर बोललेल्या गटांत वातावरण छान झालं. एकमेकांबद्दल आपुलकी वाढली आणि कोणाला किती अधिकार आहे, याकडे लक्ष कमी गेलं. अधिकार नसलेल्या गटाला तर खात्री वाटू लागली की आता वाटप बरोबरीचं होईल. मग प्रत्यक्ष वाटप झालं. अधिकार असलेल्या गटाने स्वतःला जास्त ठेवलं, दुसऱ्याला कमी दिलं. गोड बोलणं झालेल्या गटांतही आणि वेगळेपणावर बोललेल्या गटांतही तसंच. आपुलकीने अपेक्षा वाढवली होती, वाटप बदललं नव्हतं. याच संशोधकांनी इस्रायलमधल्या अरब नागरिकांचीही पाहणी केली. ज्यांचे ज्यू लोकांशी मैत्रीचे संबंध होते, त्यांना ज्यू लोक अधिक न्यायी वाटत होते आणि स्वतःच्या गटाची स्थिती बदलण्यासाठीच्या प्रयत्नांना त्यांचा पाठिंबा कमी होता.

‘आपण सगळे प्रभूची लेकरं’ या वाक्याने सुरू होऊन त्याच वाक्यावर संपणाऱ्या सभेत काय होत असेल, ते या प्रयोगातून कळतं. सभा संपताना सगळ्यांना बरं वाटतं. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं ते आशा घेऊन घरी जातात आणि वर्षभराने, काहीच बदललं नाही हे पाहून, मुकाट्याने दुसरं चर्च शोधतात.

मग बोलायचं कसं? त्यात पहिला प्रश्न येतो, कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं. आपण सहसा दोघांना एकच सल्ला देतो : स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा. एमिल ब्रुनो आणि रेबेका सॅक्स यांनी २०१२ मध्ये हा सल्ला तपासला. ॲरिझोनातले गोरे अमेरिकन आणि मेक्सिकोतून आलेले स्थलांतरित यांना त्यांनी जोडीने एकमेकांशी बोलतं केलं. एकाने आपल्या लोकांच्या अडचणी सांगायच्या, दुसऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगायच्या. ऐकून परत सांगण्याचा फायदा गोऱ्यांना झाला, त्यांचा दुसऱ्या गटाबद्दलचा दृष्टिकोन सुधारला. स्थलांतरितांचा दृष्टिकोन मात्र बोलायला मिळाल्यावर जास्त सुधारला. इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांवरच्या याच संशोधकांच्या प्रयोगात दिसलं की पॅलेस्टिनींना हा फायदा आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत खरोखर पोहोचलं तरच होतो. ज्याचं आयुष्यभर ऐकून घेतलं गेलेलं नाही, त्याला पुन्हा समोरच्याची बाजू समजून घे म्हणणं म्हणजे त्याच्यावरचं जुनंच ओझं वाढवणं आहे. सगळ्यांना सारखी मिनिटं वाटून दिली की न्याय झाला, असं इथे होत नाही.

दुसरी गोष्ट, वाद जिंकून मतं फारशी बदलत नाहीत. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी अमेरिकेत दारोदार जाऊन केलेल्या प्रयोगांत तृतीयपंथी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह साधारण १० मिनिटांच्या संभाषणाने कमी झाला आणि तो परिणाम किमान ३ महिने टिकला. पुढे स्थलांतरितांच्या विषयावर त्यांनी हीच पद्धत वापरली, तेव्हा नुसते मुद्दे मांडण्याचा परिणाम दिसला नाही. समोरच्याला दोष न देता ऐकणं आणि दोघांनी आपापले अनुभव सांगणं, हे असेल तेव्हाच परिणाम दिसला. हे प्रयोग चर्चमध्ये किंवा वंशभेदाच्या प्रश्नावर झालेले नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण ज्या समाजात लोकांना चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायची, सवय आहे, त्याला अनुभव सांगणं नवीन नाही.

प्रामाणिक बोलणं मोठ्या पातळीवर कसं घडतं आणि कुठे अडतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७च्या धर्मसभेने ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ गोऱ्यांची आणि इतरांची उपासना वेगळी ठेवायला परवानगी दिली. म्हणजे काही गोऱ्या सदस्यांना एकत्र बसणं सोसवत नव्हतं म्हणून ही सवलत होती. हळूहळू ती रीत झाली, मग वेगळी चर्चेस झाली आणि पुढे याच चर्चच्या विद्वानांनी वर्णद्वेषी राज्यव्यवस्थेला बायबलचा आधार पुरवला. या व्यवस्थेत ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचे) ठरवलेल्या लोकांच्या चर्चने १९८२ मध्ये बेलहार इथे एक विश्वासकबुली, म्हणजे चर्चच्या श्रद्धेचं निवेदन, तयार केली आणि १९८६ मध्ये ती अधिकृत केली. माणसांना वंशावरून वेगळं ठेवणारी शिकवण सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं.

नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग इथे देशातल्या बहुतेक चर्चेसचे प्रतिनिधी जमले. स्टेलेनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर भाषणाच्या ओघात थांबले आणि म्हणाले की, वर्णद्वेषातल्या माझ्या वाट्याच्या पापाची मी कबुली देतो आणि माझ्या चर्चच्या वतीनेही देतो. आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि क्षमा मागणाऱ्याला क्षमा केली पाहिजे, असं म्हणून त्यांनी ती स्वीकारली. हा क्षण जगभर गाजला. पण त्याच सभागृहात कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी काहींनी विचारलं, इतक्या घाईने क्षमा? जमिनी गेल्या, शाळा गेल्या, त्याचं काय? त्यांचा प्रश्न कोणी कडवटपणा म्हणून बाजूला सारू नये. वर सांगितलेल्या प्रयोगातला, आपुलकी वाढली आणि वाटप तसंच राहिलं, हाच धोका त्यांना दिसला होता. पुढचा इतिहासही त्यांच्या बाजूने बोलतो. बेलहारची कबुली आपल्या घटनेत घ्यायचा प्रस्ताव डच रिफॉर्म्ड चर्चने २०११ मध्ये पुढे आणला, पण मंडळ्यांच्या मतदानात त्याला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. तिथल्या गोऱ्यांच्या आणि इतरांच्या जुन्या चर्चेसचं एकीकरण आजही पूर्ण झालेलं नाही.

वंश आणि जात या गोष्टी एक नव्हेत, तरी चर्चमधल्या मौनाच्या बाबतीत आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. गोव्यातल्या कोंफ्रारियांची, म्हणजे चर्चशी जोडलेल्या सामान्य भाविकांच्या संघांची, रचना दीर्घकाळ जातीवर उभी होती. नगर भागात वेगवेगळ्या दलित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतही बेटीव्यवहाराच्या भिंती बराच काळ टिकल्या. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केलं. मान्य करणं ही सुरुवात आहे आणि सागी यांच्या प्रयोगाची कसोटी, म्हणजे वाटप बदललं का हा प्रश्न, आपल्यालाही लागू आहे.

ख्रिस्ती वाचकांसाठी या कसोटीचं एक फार जुनं उदाहरण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी त्यांना एकतेवर प्रवचन दिलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि वाटपासाठी सात जण निवडायला लावले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं असावं, असा या यादीवरून अनेक अभ्यासक अंदाज बांधतात.

अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या राष्ट्रीय पाहणीनुसार मिश्र वंशाच्या मंडळ्यांचं प्रमाण १९९८ मधल्या ६ टक्क्यांवरून २०१९ मध्ये १६ टक्क्यांवर आलं आहे. वाढ खरी आहे. पण ती मुख्यतः इतर वंशाचे लोक गोऱ्यांच्या चर्चमध्ये गेल्याने झाली आहे, उलट दिशेने जाणारे फार थोडे. त्यामुळे बाकांवरची डोकी मोजून भागणार नाही. संवादसभा घेणाऱ्या मंडळीने सभेनंतर ‘कसं वाटलं?’ एवढंच न विचारता वर्षभराने काही नोंदी उघडून पाहाव्यात : गेल्या वर्षात निर्णय घेणाऱ्या समितीत कोण नव्याने आलं, उपदेशासाठी कोण किती वेळा उभं राहिलं, मदतनिधी कोणाकडे गेला आणि सभेत पहिल्यांदा तोंड उघडलेल्या माणसांपैकी किती जण अजून येतात.