अ‍ॅक्युपंक्चर: सुया टोचून घेण्याआधी

जुन्या कंबरदुखीने हैराण झालेल्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत झालेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला अ‍ॅक्युपंक्चरच्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटालाही टोचल्या, पण मुद्दाम बिंदू सोडून भलत्याच जागी आणि अगदी वरवर. तिसऱ्या गटाला औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के रुग्णांना बऱ्यापैकी आराम पडला होता.

समर्थक यातला पहिला आणि तिसरा आकडा पुढे करतात, टीकाकार पहिला आणि दुसरा. खोटे कुणीच बोलत नाही. पण ज्याची कंबर दुखते त्याने तिन्ही आकडे एकत्र वाचलेले बरे. सुया टोचून घेतल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते. त्या नेमक्या कुठे टोचल्या याने मात्र फारसे बिघडत नाही. शिवाय तिसऱ्या गटातल्या रुग्णांना आपल्याला वेगळे काही मिळत नाही हे ठाऊक होते, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा खाली राहणे स्वाभाविकच म्हणायचे.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच्याही पुढची पायरी गाठली. सुई टोचताना बरेचदा एक बारीक प्लॅस्टिकची नळी त्वचेवर टेकवतात आणि तिच्यातली सुई वरून टिचकी मारून आत सरकवतात. या चाचणीत एका गटासाठी नळीत सुईऐवजी टूथपिक ठेवली होती. रुग्ण पालथे झोपलेले. टिचकी बसली, टोक टोचले, थोडे फिरवले, नळी काढून घेतली. त्वचेला छिद्र काही पडले नाही. चाचणीत कंबरदुखीचे ६३८ रुग्ण होते. आठ आठवड्यांनी सुयांच्या गटांत साधारण ६० टक्के लोकांच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा दिसली, टूथपिकवाल्या गटातही जवळपास तेवढीच. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मग हे सगळे मनाचे खेळ का? इतक्या झटपट निकाल लावू नये. दीर्घकाळच्या दुखण्यावरच्या ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २०१८ मध्ये आले. त्यात खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, फरक लहान असला तरी. आराम बऱ्याच अंशी वर्षभर टिकलेला दिसला. टोचण्याने शरीरात काही घडामोडी होतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. मेंदूत आणि मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. २०१० मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास अ‍ॅडेनोसिन हे वेदना दाबणारे रसायन वाढलेले आढळले. प्राचीन चिनी ग्रंथांत वर्णन केलेल्या ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीच्या वाहिन्या मात्र शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कुणाला सापडलेल्या नाहीत. त्या सापडल्याशिवाय दुखणे कमी होऊ शकत नाही असे नाही, आणि दुखणे कमी झाले म्हणून त्या आहेत असेही नाही.

अर्धशिशीचे झटके कमी करणे, ताणामुळे होणारी डोकेदुखी, गुडघ्याची झीज, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांबाबत पुरावा बऱ्यापैकी आहे. मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मधला बिंदू वापरतात. तिथे नुसता दाब देणारा पट्टाही चालतो. कंबरदुखीबाबत तज्ज्ञांचेच एकमत नाही. कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती मागे घेतली. २०२१ मध्ये, कारण स्पष्ट नसलेल्या दीर्घकालीन वेदनेसाठी याच संस्थेने पुन्हा अनुकूल मत दिले.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसोबत सुया घेतल्या तर यश वाढते, असे पुष्कळ सांगितले जाते. २०१८ मध्ये ८४८ स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल आले. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात १८.३ टक्के स्त्रियांना मूल झाले, खोट्या गटात १७.८ टक्के. हा फरक नसल्यातच जमा. कर्करोग किंवा मधुमेह सुयांनी बरा करतो म्हणणाऱ्याकडून तर उठून यावे. कर्करोगाच्या रुग्णाला मळमळ किंवा वेदना सुसह्य व्हायला याची मदत होऊ शकते, पण गाठीवर उपचार करणे वेगळे.

आता धोके. जर्मनीतच २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला: सुईच्या जागी रक्त येणे, काळे-निळे पडणे, दुखणे, क्वचित चक्कर. उपचार करावे लागतील असा त्रास २.२ टक्के लोकांना झाला. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचे प्रकार एवढ्या सगळ्यांत दोन. आकडा दिलासा देणारा आहे. पण खांदे, पाठीचा वरचा भाग आणि बरगड्यांजवळ फुप्फुस त्वचेपासून फार खोल नसते आणि बारीक अंगाच्या माणसात तर आणखीच जवळ असते. तिथे सुई किती आत आणि कुठल्या कोनात जाते, यावर सगळे अवलंबून असते. काही लोकांच्या छातीच्या मधल्या हाडाला जन्मतः छिद्र असते. त्यातून सुई थेट हृदयापर्यंत पोचून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.

संसर्गाचा धोका जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये १९८४ मध्ये एकाच ठिकाणी उपचार घेतलेल्या ३५ रुग्णांना हिपॅटायटिस बी झाल्याचे आढळले होते. म्हणून एकदाच वापरायची निर्जंतुक सुई, पाकीट आपल्यासमोर फोडून, आणि वापरून झाली की ती टाकण्यासाठी ठेवलेल्या टणक डब्यात. ‘तुमच्या सुया तुमच्याच नावाने जपून ठेवतो’ असे कुणी सांगितले तरी नको म्हणावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त गोठण्याचा विकार असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असतील किंवा गर्भारपण असेल, तर तसे आधीच सांगायला हवे. सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार पेसमेकरवाल्यांनी टाळावा. कानात दिवसेंदिवस ठेवायच्या बारीक सुयांनी कानाच्या कूर्चेला संसर्ग होऊ शकतो, आणि तो भरून यायला फार वेळ घेतो.

मला सुईपेक्षा जास्त धास्ती वाटते ती लांबलेल्या निदानाची. पाठ दुखते म्हणून दोन महिने सुया घेतल्या आणि मागे मणक्यातली गाठ किंवा क्षयरोग निघाला, तर सुईने काहीच इजा केलेली नसते. गेला तो वेळ. पाठदुखीसोबत वजन उतरणे, ताप, पायांतली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टर. चालू गोळ्याही त्यांना न विचारता बंद करू नयेत.

सुया घ्यायच्याच ठरल्या, तर महिन्यात किती दिवस डोके दुखते, किती गोळ्या लागतात, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवा. सहा-आठ बैठकांनंतरही ते आकडे हलले नाहीत, तर पुढच्या दहा बैठकांचे पैसे भरू नका. आणि खांद्यात किंवा पाठीत सुया घेतल्यावर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही, धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर ‘सुयांमुळे थोडे दुखणारच’ म्हणून पडून राहू नका. इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठा आणि सुया कुठे टोचल्या होत्या ते सांगा, म्हणजे तिथले डॉक्टर आधी छातीचा एक्स-रे काढतील.